पाठ केलेला तक्ता

चाराला दहा मिनिटं कमी असताना त्यांचा दिवस सुरू व्हायचा. पाळी सहाची, आणि घरापासून यार्डाचं फाटक पायी पस्तीस मिनिटांवर. पाचला उठलं तरी आरामात पोचता आलं असतं, आणि इतकी वर्षं ते पाचलाच उठत आले होते. गेल्या दोन वर्षांत उठण्याची वेळ तासाभराहून जास्त मागे सरकली. का, ते त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

दाढीला आता वीस मिनिटं लागायची. आरसा भिंतीवर नुसता लटकायचा. गालावरून बोट फिरवायचं, खरखर लागेल तिथे ब्लेड फिरवायचं. बुटाच्या नाड्या चाचपून बांधायच्या. वाटेत गटारावरच्या दोन फरश्या निघालेल्या होत्या. नळाच्या कोपऱ्यापासून एकशे बारा पावलं टाकायची, मग भिंतीला खांदा लावून डावीकडून जायचं. एकदा ते एकशे आठलाच वळले आणि गुडघा फोडून घेतला. बायकोला सांगितलं, कुत्रं आडवं आलं.

फाटकावर सगळ्यांच्या आधी पोचायचं, म्हणजे क्रेनची शिडी चढताना मागे कुणी उभं नसतं. शिडीला सेहेचाळीस पायऱ्या. तिसावी पायरी थोडी वाकलेली. पाय तिच्यावर बरोबर पडला की त्यांच्या जिवाला तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

यार्ड लोखंडी सळ्यांचं होतं. लांबच लांब शेड, छताखाली दोन्ही बाजूंना रूळ, त्या रुळांवरून पुढेमागे धावणारी क्रेन आणि क्रेनला लटकलेली काचेची केबिन. सळ्यांची दोन टनांची मोळी उचलायची, नेऊन ट्रकमध्ये ठेवायची. पाळीला पन्नास-पंचावन्न मोळ्या. उंचावर बसून काम करतात म्हणून यार्डात त्यांना सगळे 'वरचे' म्हणत. "वरच्यांची मर्जी झाली तर गाडी दहापर्यंत भरेल." "बिडी विझव रे, वरचे बघतायत." आणि एके काळी ते खरंच बघायचे. जमिनीवर पडलेला नट केबिनमधून ओळखायचे, आणि वरून ओरडायचे, "तिसऱ्या खांबाजवळ, आंधळ्यांनो!"

आता डाव्या डोळ्यावर पक्की साय धरली होती आणि उजव्यावर धरू लागली होती. माणसं दिसत, चेहरे दिसत नसत. हुक दिसे, हुकाची जीभ बंद आहे की उघडी ते दिसत नसे.

खाली खलाशी. खलाशी म्हणजे मोळीला साखळी बांधणारा आणि क्रेनवाल्याला हाताने खुणा करणारा माणूस. बोट गोल फिरवलं की उचल. तळहात खाली दाबला की उतरव. मूठ मिटली की थांब. हा खलाशी वरच्यांचा मेहुणा, बायकोचा एकुलता एक धाकटा भाऊ. सासू-सासरे केव्हाच गेलेले. मेहुण्याला कामाला चिकटवला तो वरच्यांनीच. म्हणजे बायकोचं सगळं माहेर रोज सहा ते दोन त्या हुकाखाली उभं असायचं.

वरच्यांनी आपले उपाय शोधले होते. साखळी ताणली गेली की ती कशी कुरकुरते, मोळी टेकली की तारेचा आवाज कसा मोकळा होतो, हे कानांना माहीत होतं. कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत किती सेकंद, ते हाताला माहीत होतं. वर्षभरापूर्वी मेहुण्याने साधे हातमोजे टाकून भडक पिवळे घ्यायला सुरुवात केली. पदरचे पैसे घालून घेतले. का घेतले ते वरच्यांनी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

एक वेळ मात्र कुठल्याच उपायाला दाद देत नव्हती. सकाळी साडेआठच्या सुमाराला पूर्वेच्या उघड्या बाजूने ऊन आत घुसायचं आणि सरळ केबिनच्या काचेवर यायचं. मग समोर नुसतं दूध. खांब नाही, ट्रक नाही, पिवळे हातमोजेही नाहीत. ती पंधरा-वीस मिनिटं वरचे क्रेन बंद करून चहा मागवायचे. खालची पोरं म्हणायची, "वरच्यांना चहा लागला की यार्ड थांबलं." चहा हातात घेऊन ते त्या दुधाकडे बघत बसायचे. कप रिकामा झाला तरी धरून बसायचे.

दर वर्षी कंपनीचा डॉक्टर यायचा. कॅन्टीनच्या बाजूच्या खोलीत टेबल मांडायचा, भिंतीवर डोळ्यांचा तक्ता लावायचा. यार्डातले बरेच जण कमी शिकलेले, म्हणून तक्त्यावर अक्षरं नव्हती. तीन दातांच्या फणीसारखी एकच खूण, ओळीगणिक लहान होत गेलेली. फणीचे दात कुठल्या बाजूला आहेत तेवढं सांगायचं. वर, खाली, डावा, उजवा.

हा तक्ता अख्ख्या यार्डाला पाठ होता. नवा माणूस लागला की हेल्मेटचा पट्टा कसा बांधायचा ते त्याला दाखवत आणि त्याच आठवड्यात तक्ता घोकून घेत. तिसरी ओळ: खाली, डावा, वर, उजवा, वर. चौथी ओळ: डावा, डावा, खाली, वर, उजवा, खाली. मोळ्या बांधता बांधता चालीवर म्हणत. त्याला कारण घडलेलं होतं. वरच्यांच्या आधी त्या क्रेनवर एक जण होता. हात सोन्याचा, फक्त लांबचं जरा धूसर. डॉक्टरने त्याच्या कागदावर काट मारली. चष्मा देऊन बघू, असं कुणाच्या मनात आलं नाही. दुसऱ्या दिवशी माणसं पुरवणाऱ्या कंत्राटदाराने त्याच्या हातात झाडू दिला आणि महिन्याभराने झाडूही काढून घेतला.

त्यानंतर तक्ता उतरवून आणला तो वरच्यांनी. तेव्हा ते तरुण होते आणि यार्डात सगळ्यांत तेज डोळे त्यांचे. डॉक्टर हात धुवायला गेला तेवढ्यात चहाच्या पुडीच्या कागदावर त्यांनी सगळ्या ओळी टिपल्या. तेव्हापासून यार्डातला एकही माणूस डोळ्यांपायी कामावरून गेला नाही. खोकला असलेले लोक आत जाण्याआधी गरम पाणी पिऊन छाती मोकळी करत, ऐकू कमी येणारे डॉक्टरच्या ओठांकडे बघत, आणि बाहेर येऊन सगळे एकमेकांना टाळ्या देत. डॉक्टर म्हणजे काम काढून घेणारा माणूस. त्याला फसवला की वर्ष पदरात पडलं.

वस्ती आणि यार्ड काही वेगळं नव्हतं. तेच लोक पत्र्याच्या त्याच दोन गल्ल्यांत राहत. मोठं हॉस्पिटल चाळीस किलोमीटरवर. वस्तीच्या तोंडाशी आरोग्य केंद्राची एक खोली होती, तिथे आठवड्यातून तीन दिवस नर्स यायची. घरोघर जाऊन तिची वही भरायचं काम वरच्यांच्या सुनेकडे. मुलगा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. सून दोन्ही गल्ल्या पालथ्या घालायची आणि रात्री वही मांडीवर घेऊन चिडायची.

"आई, ही वही बघून कुणाला वाटेल, इथे सगळे पैलवान राहतात," ती सासूला म्हणायची. "कुणाला काही होतच नाही. खोकतात माझ्या तोंडावर आणि सांगतात, ठसका लागला."

"लिही ना तू खोकला म्हणून."

"त्यांनी सांगितल्याशिवाय कशी लिहू? आणि वहीत काही नसलं की वरून काही येत नाही. औषधं तिकडे जातात जिथे आजार लिहिलेला असतो."

वरचे हे ऐकत भिंतीकडे तोंड करून पडलेले असत.

दोन वर्षं अर्ज करकरून सुनेने डोळ्यांची गाडी वस्तीत आणवली. गाडी म्हणजे एक मोठी बस, आत तपासणीची यंत्रं. ज्यांना ऑपरेशन लागेल त्यांना हॉस्पिटलात न्यायचं, फुकट करायचं, परत आणून सोडायचं. अट एकच. पहिल्या तपासणीत निदान तीस माणसं निघाली पाहिजेत, तर गाडी त्या जागेचं नाव यादीत घालणार. नाही तर पुढच्या गावाला.

रविवारी शाळेच्या खोलीत तपासणी झाली. बायका आल्या, त्यांतल्या अकरा जणींना दिसत नव्हतं. मग पुरुष आले. गाडीवाल्यांनी तक्ता टांगला आणि पहिल्याच माणसाने तो ओळखला. कंपनीचाच तक्ता. तसाच छापलेला, त्याच ओळी. आता इथे ना कंत्राटदार होता ना काट मारायचा कागद, पण जीभ कुणाच्या ताब्यात होती? खाली, डावा, वर, उजवा, वर. एकेक जण आत गेला आणि घडाघडा म्हणून बाहेर आला. वरचे गेले. त्यांनी शेवटची ओळ, मुंगीएवढ्या खुणांची, एका दमात म्हटली.

"काका, तुमचे डोळे मला द्या," गाडीवाली मुलगी हसून म्हणाली.

चव्वेचाळीस पुरुषांत एक निघाला, तोही यार्डात काम न करणारा म्हातारा. संध्याकाळी गाडीवाल्यांनी आवराआवर केली. इथल्या लोकांचे डोळे चांगले आहेत, म्हणाले. सुनेने हातापाया पडून येत्या शुक्रवारपर्यंतची मुदत मागून घेतली. यादी मी परत करते, म्हणाली, आणि एक तक्ता ठेवून घेतला.

तिने पाहिलेलं होतं. त्याच सकाळी सासऱ्यांनी किटलीतला चहा कपाच्या बाजूला ओतला होता.

मधल्या दोन दिवसांत तिने एक उद्योग केला. तक्त्याची सगळ्यांत मोठी ओळ तशीच ठेवली. खालच्या ओळी कात्रीने कापल्या, आणि प्रत्येक पट्टी उलटी करून परत त्याच जागी चिकटवली. लांबून बघणाऱ्याला तक्ता होता तसाच. वर असलेले दात खाली आले, डावे उजवीकडे गेले, ओळीचा क्रम उलटा झाला, तेवढंच. मंगळवारी दुपारी पाळी सुटल्यावर आरोग्य केंद्राच्या खोलीत तिने एकेकाला आत घेतलं. दार लावून.

ज्यांना दिसत होतं ते तिसऱ्या ओळीवर अडकले. "खाली, डावा, व... अगं वहिनी, हे काहीतरी वेगळंच आहे! तक्ता बदलला काय?" म्हणून हसायला लागले. तिने त्यांना मागच्या दाराने सोडलं आणि तोंड उघडू नका म्हणून दम दिला. ज्यांना दिसत नव्हतं ते न अडखळता, चालीवर, शेवटपर्यंत म्हणत गेले. समोर नसलेलं सगळं त्यांनी बरोबर सांगितलं. असे एकोणीस जण निघाले.

विसावे वरचे. ते उभे राहिले, एक डोळा झाकला, आणि घसा साफ करून सुरू झाले. सून तक्त्याशेजारी छडी घेऊन उभी होती. तिसरी ओळ झाली, चौथी झाली. पाचव्या ओळीला तिने छडी खाली घेतली. ते तरीही म्हणत राहिले.

घरी आल्यावर तिने दार ओढून घेतलं. सासू चुलीपाशी होती.

"बाबा, तक्ता उलटा होता."

"कुठला तक्ता?"

"तुम्ही वाचलात तो. मी ओळी उलट्या चिकटवल्या होत्या. छडी मी पाचव्या ओळीलाच खाली घेतली. तुम्हाला छडीसुद्धा दिसली नाही."

वरचे एकदम उसळले. "घरातल्या माणसाला सापळा लावतेस? कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"कंपनीत कळलं तर उद्या मी घरी. माझ्या पोटावर पाय देऊन तुझी यादी भरायची आहे होय?"

"यादी गाडीवाल्यांकडे जाते. कंपनीचा संबंध नाही."

"सगळे डॉक्टर एक असतात."

सासू उठून पुढे आली. पदराला हात पुसत तिने नवऱ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "अहो, खाली माझा भाऊ उभा असतो."

ते चप्पल शोधायला लागले. चप्पल पायाशीच होती.

"तुमचं नाव मी घातलेलं नाही," सून म्हणाली. "एकोणीस जणांचीही नुसती पेन्सिलने लिहिलीत. ज्याच्या त्याच्या सहीशिवाय यादी चालत नाही. शुक्रवारी सकाळी गाडीवाले घेऊन जातील."

बातमी लपून राहिली नाही. बुधवारी संध्याकाळी सात-आठ जण दारात येऊन उभे राहिले. तो कागद फाड, म्हणाले. एक जण तर म्हणाला, "वहिनी, आमची चूल विझवून तुला काय बक्षीस मिळणार आहे?" दुसऱ्याने वरच्यांकडे पाहिलं. "वरच्यांनी तक्ता आणला म्हणून आम्ही तगलो. वरचे सही करणार आहेत का? नाही ना? मग झालं तर."

सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांना सात-आठ काळसर आकार दिसत होते. "मला झोपायचंय, सकाळी पाळी आहे," एवढं म्हणून ते आत गेले. झोप कसली.

गुरुवारी साडेआठला ऊन आलं. वरच्यांनी क्रेन थांबवली, चहाचा इशारा केला. खाली नवा सुपरवायझर उभा होता, तीन दिवसांपूर्वी लागलेला. तो शिट्टी वाजवायला लागला.

"काय थांबलंय? दोन ट्रक खोळंबलेत! चहा नंतर!"

मेहुणा पुढे झाला. "साहेब, वरच्यांची रोजची वेळ आहे ही."

"ज्याची त्याची वेळ बघत बसलो तर झालं. उचला!"

वरचे गप्प राहिले असते, केबिनमधून खाली आले असते, पोट दुखतंय म्हणाले असते. काहीही चाललं असतं. पण इतक्या वर्षांत काम नाकारायची त्यांना सवय नव्हती. काम नाकारणारा माणूस त्यांनी कधी मानलाच नव्हता. त्यांनी दांडा ओढला.

साखळी कुरकुरली. मोळी उचलली गेली. त्यांनी मनात सेकंद मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. समोर दूध. अकरा सेकंदांवर ट्रक. खाली सुपरवायझरने दुसऱ्या ट्रकवाल्याला गाडी पुढे घ्यायला सांगितलं होतं, ते त्यांना कळायला मार्ग नव्हता. नऊ, दहा. पिवळं काही तरी हललं, की उन्हाचीच तिरीप? अकरा. त्यांनी मोळी उतरवायला घेतली.

किंकाळी ऐकू आली. त्यांनी दांडा सोडला. साखळी हेलकावे खात कुरकुरत राहिली.

"मेला का?" त्यांनी वरून विचारलं. परत विचारलं. "कुणी बोला रे!"

"भाऊजी, थांबा! तसेच थांबा!" मेहुण्याचा आवाज होता.

मेहुणा जिवंत होता. मोळी ट्रकच्या मागच्या फळीवर, फाळक्यावर, टेकून तिरकी झाली होती. फाळका आणि मोळी यांच्यामध्ये वीतभर जागा राहिली होती, आणि त्या जागेत मेहुणा पाठ टेकून उभा होता. किंकाळी ट्रकवाल्याने मारली होती.

दुपारी पाळी सुटल्यावर दोघं फाटकाबाहेर पाण्याच्या टाकीपाशी बसले.

"मूठ मिटली होती मी," मेहुणा म्हणाला. "दोन्ही हातांची. नाचत होतो मुठी मिटून."

"दिसलं नाही."

"ते माहीत आहे मला. दोन वर्षं माहीत आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलून काय करू? तुम्ही खाली आलात की वर दुसरा कुणी बसणार. त्याला दिसतं की नाही ते मला कुठे माहीत? तुम्हाला दिसत नाही हे तरी नक्की होतं." तो हसला, पण हसू धड झालं नाही. "ताईला काही सांगू नका. नाही तर ती मलाच मारेल, पिवळे मोजे घालून तुम्हाला पाठीशी घातलं म्हणून."

"ताईला तुझी काळजी आहे, माझी नाही."

"असणारच. तुम्हाला काय, तुम्ही वर सुरक्षित." मग तो गंभीर झाला. "भाऊजी, उद्या मी त्या हुकाखाली उभा राहणार नाही. तुमची शपथ. भूक चालेल मला. हे चालणार नाही."

वरचे उठले. मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून चालायला लागले. या वाटेवर कुणाचा खांदा धरून चालण्याची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि सगळी वस्ती बघत होती.

सून केंद्राच्या पायरीवर कागद घेऊन बसली होती. सकाळपासून कुणी आलं नव्हतं. समोरच्या दुकानाशी यार्डाचे लोक उभे होते, सही कोण करतो ते बघायला.

"कुठे करायची?" वरच्यांनी विचारलं.

सुनेने बोट धरून जागेवर ठेवलं. त्यांनी सही केली. ती रेघेच्या बाहेर गेली. मग ते दुकानाकडे वळले. कोण कोण आहे ते दिसत नव्हतं, म्हणून सगळ्यांनाच बोलले. "मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. आज माझ्या हातून हा मेला असता. ज्याला ज्याला दिसत नाही त्याने या. तक्ता मीच आणला होता. माझं चुकलं."

कुणी टाळ्या दिल्या नाहीत. दोघं जण शिव्या घालत निघून गेले. बाकीचे उभे राहिले. अर्ध्या तासाने एक ट्रक भरणारा आला, सही केली आणि खाली मान घालून गेला. मग दुसरा. अंधार पडेपर्यंत पंधरा झाले. चार जण आले नाहीत. बायका अकरा, तो म्हातारा, हे पंधरा आणि वरचे. अठ्ठावीस. सून पुन्हा गल्लीत निघाली आणि उशिरा दोन म्हाताऱ्या बायकांना घेऊन परतली. त्या दोघी रविवारी तपासणीलाच आल्या नव्हत्या, कारण त्यांना खोलीपर्यंत आणणारं घरात कुणी नव्हतं.

शुक्रवारी वरचे यार्डात गेले ते कंत्राटदाराला सांगायला. ऑपरेशन, मग चाळीस दिवस धूळ नाही, ओझं नाही, शिडी नाही.

"बसा घरी," कंत्राटदार म्हणाला. "क्रेन काय चाळीस दिवस तुमची वाट बघत उभी राहणार? वर बसायला पोरगा बघितलाय मी."

"परत आल्यावर?"

"आल्यावर बघू."

पुढच्या आठवड्यात गाडी तीस जणांना घेऊन हॉस्पिटलात गेली. तिथे ऑपरेशन फुकट होतं, औषध फुकट, खाट फुकट. पण प्रत्येक रुग्णाबरोबर एक माणूस लागायचा. पुरुषांच्या वॉर्डात पुरुष. चार दिवस. मुलगा ट्रकवर होता. सून एकटी सगळ्यांच्या खाटांमध्ये पळत होती. बरोबर मेहुणा आला. कंत्राटदाराने त्यालाही ऐकवलं होतं, खाडा झाला की पगार नाही आणि जास्त झाला तर काम नाही.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. डाव्या डोळ्यावर जास्त वेळ घेतला.

"हा डावा किती दिवस असा आहे?"

"चार वर्षं. थोडी जास्त."

"मोतीबिंदू फार पिकला. आत दाब वाढून नस गेली आहे. तो आता परत यायचा नाही. उजवा वाचेल." त्यांनी यंत्र बाजूला केलं. "चार वर्षांत कुणी तपासलंच नाही का तुम्हाला?"

"दर वर्षी तपासत होते, बाई," वरचे म्हणाले. "दर वर्षी पास."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. वरच्यांना वाटलं, काट मारली. कागदावर डॉक्टरने लिहिलं की त्यांना अजूनही तसंच वाटायचं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्याची पट्टी निघाली. आधी पंख्याचं पातं दिसलं, मग खिडकीचे गज. मग खाटेशेजारी उभा असलेला मेहुणा. त्याच्या कपाळावर, केसांच्या रेषेपाशी, लालसर ओरखडा होता, खपली धरलेला. मोळीची सळी तिथून गेली होती. त्याने आठवडाभर टोपी घातली होती आणि त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. वरचे त्या ओरखड्याकडे बघत राहिले.

"काय बघताय? म्हातारा झालो मी?"

"टोपी घाल," ते म्हणाले, आणि तोंड फिरवलं.

क्रेनवर परत बसता येईल का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. एका डोळ्याच्या माणसाला कुणी वर बसवेल असं वाटत नव्हतं. मेहुणा परत जाईल तेव्हा त्याच्या डोक्यावर कोण असेल, तो पोरगा कसा असेल, ही नवी धास्ती होती. सहीला न आलेल्या चौघांपैकी एक जण पलीकडच्या शेडमध्ये क्रेन चालवत होता. त्याच्या खाली कोण उभं राहतं, तेही त्यांना माहीत होतं.

घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी शेवटचा पगार आला. कामाचे दिवस तेवढेच धरलेले. वरच्यांनी पाकीट फोडलं आणि आधी मेहुण्याच्या घरी गेले. तो नाही नाही म्हणत मागे सरकत होता, त्याची बायको दारातून बघत होती. वरच्यांनी नोटा त्याच्या खिशात कोंबल्या आणि वरून हात दाबून धरला.

"भाऊजी, घरातल्या माणसाला मजुरी देतात का?"

"खाड्याचे आहेत. चार दिवसांचे."

पाळीला पन्नास-पंचावन्न मोळ्या, एकेक दोन टनांची. त्या महिन्यात उचललेल्या सगळ्या मोळ्यांच्या मजुरीतून सगळ्यांत आधी घेतलं ते एवढंच: वॉर्डाबाहेरच्या लाकडी बाकड्यावर बसून राहिलेल्या एका माणसाचे चार दिवस.